उमेदवार गेला लग्नाला

गोरेगाव ते हिंगोली या रस्त्यावर थावरा राठोडला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. त्याची जीप होती. म्हाताऱ्या बाईला पुढची सीट द्यायची आणि कोणी आजारी असेल तर थेट दवाखान्याच्या दारात सोडायचं, अशी त्याची रीत. फक्त स्वतःच्या तांड्यावर त्याला जीप नेता येत नसे. गोरेगावापासून तांड्यापर्यंत नुसते धोंडे, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल.

१९९५ सालच्या विधानसभेची गडबड सुरू झाली. चहाच्या हॉटेलात एका पक्षाचा कार्यकर्ता तांड्याच्या रस्त्याचं वचन देत होता.

थावरा म्हणाला, "हे तर मागल्या खेपेलाबी ऐकलं होतं भाऊ."

"येवढं कळतं तर तूच उभा राह्य ना मंग!"

हॉटेल हसलं. थावरा मात्र हसला नाही. तो हिंगोलीला गेला आणि अपक्ष म्हणून अर्ज भरून आला.

चिन्ह त्याने जीप मागितलं, मिळालं शिलाई मशीन. बाया विचारायच्या, "थावराभाऊ, पोलकं शिवून देता का?" तो म्हणायचा, "आधी निवडून द्या, मंग माप घेतो." टपावर भोंगा बांधला, पण रस्त्यात हात दाखवणाऱ्याला नाही म्हणणं त्याच्याच्याने होईना. त्यामुळे वर भोंग्यातून 'थावरा राठोड यांना विजयी करा' चालायचं आणि आत समोरच्या पक्षाची माणसं आपले झेंडे मांडीवर घेऊन बसलेली असायची.

त्याची एकच मोठी सभा ठरली होती, गोरेगावच्या चौकात, संध्याकाळी. त्याच दिवशी हिंगोलीत एका पुढाऱ्याची सभा होती आणि झाडून साऱ्या जीपा तिकडे गेल्या होत्या. दुपारी थावरा स्टँडवर आला तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उन्हात उभा. शेजारी त्याचे वडील सोनाजी घामाघूम. ठरवलेली जीप आलीच नव्हती, आणि लग्न होतं जवळा बाजारला.

"थावराभाऊ, तिथं मांडवात लोक वाट पाहून राहिले," सोनाजी म्हणाले. "पण तुमची तर आज सभा."

थावराने एकदा चौकाकडे पाहिलं. "सभा काय, उद्याबी घेता येते. बसा."

जवळा बाजार दूर तर होतंच, शिवाय दुसऱ्या मतदारसंघात. तिथं त्याला एकही मत नव्हतं. तरी वऱ्हाड कोंबून, भोंग्यासकट जीप निघाली.

इकडे संध्याकाळी चौकात माणसं जमली. उमेदवार नाही आणि भोंगाही नाही. लोक उठायला लागले तशी थावराची बायको भिकाबाई पुढे आली. ती कधी चार माणसांत बोललेली नव्हती. पदर सावरत ती म्हणाली, "आमचे मालक एका लेकराच्या लग्नाला गेलेत. भोंगा त्यायच्याच संगं गेला. तुमीच जरा जवळ सरका."

लोक हसत जवळ सरकले.

"माझी शीला हुशार होती," ती म्हणाली. "पण पावसाळ्यात चिखलानं शाळेत जाता येईना. मास्तर म्हनले, हजेरी न्हाई. चौथीतून पोरगं घरी बसलं. आमाला दुसरं काई नको. लेकराला शाळेत जायला वाट पायजे." मग मागून एक म्हातारा म्हणाला, "बराबर बोलली बाई."

थावरा परतला तेव्हा चौक रिकामा होता. घरी येऊन त्याने भीतभीत विचारलं, "लोक लई चिडले काय?"

"न्हाई," भिकाबाई भाकरी वाढत म्हणाली. "मी बोलले."

निवडणुकीत तो पडला. अनामतही गेली. पण दोन वर्षांनी पंचायत समितीची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा गोरेगावची माणसं तांड्यावर चालत आली ती भिकाबाईला विचारायला. ती उभी राहिली आणि निवडून आली. बैठकीत ती एकच विषय काढायची. शेवटी साहेब लोकच कंटाळले. आधी मुरूम पडला, आणि हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यावर डांबर. पहिल्या दिवशी थावराने जीप थेट दारात आणून उभी केली. धाकटी लेक पूजा त्याच रस्त्याने दहावीपर्यंत शिकली. शीलाची शाळा मात्र गेली ती गेलीच, आणि ते भिकाबाई कधी विसरली नाही.

थावराला गोरेगावात सगळे 'आमदार' म्हणू लागले. एकदा नवीन आलेल्या तलाठ्याने ते खरंच समजून उठून आपली खुर्ची दिली. थावरा बसला, मागवलेला चहा सावकाश प्याला, आणि मग म्हणाला, "साहेब, मी पडलेला आमदार हाय. निवडून आलेली बाई बाहेर जीपमधी बसली, तिलाबी एक चहा सांगा."