चार नंबरवर उभी गाडी

सदर महिला कर्मचारी. वय सत्तावन्न. पद : क्षेत्र सहायक, भूजल विभाग. वर्तणूक : समाधानकारक, मात्र उलट उत्तरे देते. गुडघे : दोन, पैकी एक नवीन. उल्लेखनीय कामगिरी : आढळून येत नाही.

हा गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनी तो बंद पडलेला पेट्रोलपंप कधी पाहिला नव्हता. बाई नऊ वर्षं पाहत होत्या. जमिनीखालच्या टाक्या काढल्या, खड्डे बुजवले, वर फरशी आली. पण टाक्या गळक्या होत्या आणि गळलेलं पेट्रोल कुणाला न विचारता खालच्या पाण्यात उतरलं होतं. ते कुठवर गेलंय हे कळावं म्हणून आवारात सहा निरीक्षण विहिरी होत्या. विहीर कसली, जमिनीत पुरलेलं वीतभर रुंदीचं नळकांडं आणि वर लोखंडी झाकण. दर तीन महिन्यांनी बाई बाटल्या घेऊन यायच्या. "माहेरी गेली नसशील इतक्यांदा त्या चार नंबरवर गेलीस," असं नवरा म्हणायचा.

चार नंबर कुंपणालगत होती. पलीकडे पाळणाघर, आणि त्याच्या बोअरला विभागाचं सील. चार नंबर सलग चार वेळा स्वच्छ निघाली की फाइल बंद, सील निघणार आणि अकरा मुलं तेच पाणी पिणार.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बाई नऊ महिने घरी होत्या. बदली आलेल्या गृहस्थांनी तिन्ही वेळा प्रामाणिकपणे लिहिलं, 'विहिरीवर गाडी उभी. पोचता आले नाही.' आकड्याचा रकाना रिकामा राहिला. वरच्या टेबलावर रिकाम्या रकान्याचं 'आढळले नाही' झालं. तीन वेळा. चौथ्या खेपेला बाई स्वतः आल्या, तर गाडी तिथेच, डोक्यावरून पांघरूण घेऊन.

"किल्ली मुलाकडे, आणि मुलगा परदेशात," पंपाचा जुना मालक म्हणाला. फाइल बंद झाल्याशिवाय त्याला जागा विकता येत नव्हती. "पण इंजिन डिझेलचं आहे, ताई. वर्षभरानेही एका झटक्यात सुरू होईल."

"मग करा की."

"किल्ली कुठंय?"

बाईंनी साहेबांना फोन लावला.

"पोचता आलं नाही असं लिहा आणि या परत."

"पण मी पोचलेय, साहेब."

"बाई, तीन महिन्यांनी रिटायर होताय. कशाला उगाच?"

बाईंनी वाकून पाहिलं. गाडी चांगली उंच होती. "ठेवते, साहेब. आडवं व्हायचंय."

डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली होती. गाडीखाली सरपटण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. बाईंनी पोतं अंथरलं, पाना हातात घेतला आणि घोट्यांपर्यंत आत गेल्या. बाहेर उरल्या फक्त दोन चपला. झाकण निघालं तसा पेट्रोलचा वास वर आला.

"गाडीचा वास आहे तो," मालक घाईने म्हणाला.

"कशावर चालते म्हणालात?" चपलांच्या पलीकडून आवाज आला.

मालक गाडीच्या पांघरुणाची घडी नीट करू लागला.

नळी खाली सोडून बाईंनी दुसरं टोक बाहेर आणलं आणि सोबत आणलेल्या छोट्या उपसा-पंपाला जोडलं. साचलेलं पाणी आधी पिंपात उपसलं. शिळ्या पाण्याचा आकडा त्या मोजत नसत. ताजं आलं तेव्हा बाटली काठोकाठ भरली, उलटी करून टिचकी मारली. बुडबुडा राहिला तर पेट्रोल त्यात निसटतं आणि पाणी सोज्वळ दिसतं. बुडबुडा नव्हता.

कुंपणावरून पाळणाघरवाली डोकावली. "मावशी, निघेल ना सील आता?"

"हात लावू नका."

"बरं," ती म्हणाली. "पाणी बाहेरूनच आणते मग."

पंधरवड्याने मेमो आला. कार्यालयीन वेळेत खासगी वाहनाखाली आडवे होण्याची कारणे दाखवा. बाईंनी उत्तर लिहिलं, 'आडवी झाले, हे मान्य. चार नंबरचा आकडा सोबत जोडला आहे, मर्यादेच्या बत्तीसपट. आधीचे तीन रकाने रिकामे आहेत, स्वच्छ नाहीत. तशी दुरुस्ती व्हावी.' त्याची एक प्रत त्यांनी पाळणाघराच्या दारावरही चिकटवली, ज्यासाठी दुसरा मेमो आला.

गोपनीय अहवालातला शेरा कायम आहे. बोअरचं सीलही.