हळू बोललेलं

बाबांची चौतीस वर्षं उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये गेली आणि कानही तिथेच गेले. निवृत्तीनंतर बारा वर्षं आम्ही घरात त्यांच्याशी ओरडून बोलत होतो. यंदा शंकर नगरच्या एका दवाखान्यातून त्यांना श्रवणयंत्र आणलं. पंधरा दिवस वापरून पाहा, मग सेटिंग पक्कं करू, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. मी वहीत रकाने आखले: कोणता आवाज, आणि बाबांच्या मते दहापैकी किती मोठा.

कुकरची शिट्टी, सहा. दारावरून गेलेला ट्रक, सहा. माझी मुलगी इतकं हळू बोलते की मलाही अर्धंच ऐकू येतं, तिला पाच. मला वाटलं, बाबा अंदाजाने आकडे फेकतायत. मोबाइलवर मोजलं, तर ट्रक आणि मुलगी यांच्यात तीस डेसिबलचा फरक निघाला. मॅडमना फोन केला.

"भैया, मशीन हल्की आवाज़ उठाती है, तेज़ को दबाती है. बाहर तीस बढ़े, तो कान में दस."

हिशेब समजला. पण नवव्या दिवशी बाबांनी गॅसचा नंबर लावला का, असं तिसऱ्यांदा विचारलं. "लावला, बाबा," मी म्हणालो, आणि वळून सवयीप्रमाणे पुटपुटलो, "बुढा डोकं खाऊन राहिला."

"काहून ओरडून राहिला?"

"मी कुठं ओरडलो? हळूच तर बोललो."

"म्हणजे बोलला."

त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. चार दिवस डबी उघडली नाही. मुलगी जवळ बसून "आजोबा, सुनो ना" म्हणायची आणि ते नुसती मान हलवायचे. बारा वर्षांत मी असं किती वेळा पुटपुटलो असेन? त्यांना ऐकूच न आलेलं त्यात धरायचं की नाही? वहीत काहीच मांडता येईना.

शेवटी मुलीनेच यंत्र त्यांच्या कानात बसवलं आणि पंधराव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो.

"बाबूजी, हल्की आवाज़ें थोड़ी कम कर दूँ? आराम लगेगा," मॅडम म्हणाल्या.

हळू आवाज कमी केले तर मुलीचं बोलणं जाईल आणि माझं पुटपुटणंही. हो म्हणावं, तर ते मी कोणासाठी म्हणतोय? मी वही चाळत राहिलो.

"रहने दो, बेटा," बाबा त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोट्टीचं ऐकू येते मले. तुह्यं बी येऊ दे."

"आदत हो जाएगी, बाबूजी."

"मले झाली. याले व्हायची हाये."

परतताना कारमध्ये मला माफी मागायची होती. ती किती आवाजात मागावी, ते ठरेना. शेवटी बोललो, तेव्हा नेमका शेजारच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता. बाबा समोर पाहत राहिले. यंत्राने कोणाचा आवाज दाबला, हॉर्नचा की माझा, ते मला अजून माहीत नाही.