पाच भोकांचं चाक

गल्लीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. पंपाच्या कारखान्यात तो पंचवीस वर्षं ड्रॉइंग काढत होता आणि घरातही तीच तऱ्हा. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी कागदावर. "यांना वेळ विचारू नका," बायको सांगायची, "पाचला तीन मिलिमीटर कमी म्हणतील."

जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथे बॅटरीवर चालणारी मोटर बसवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं, ते वर्षभर निघालं नाही. मोटर गिअरबॉक्सला धरून ठेवणारा माउंट त्याने आखला आणि बायकोच्या थोरल्या भावाकडून करून घेतला. दादांचं सगळं आयुष्य लेथवर गेलेलं. माउंट असा बसला की बोल्ट नुसत्या बोटांनी आत फिरले. त्या दिवशी मिलिमीटरची छाती मोजायला टेप पुरली नसती.

मग आली चाकं. मागची दोन त्याने दुसऱ्याच गाडीची आणली, बॅटरीचं वजन पेलणारी, पाच बोल्टांची. त्यांना नवे हब, म्हणजे चाक बोल्टांनी ज्यांवर बसतं त्या लोखंडी चकत्या, हवे होते. त्याने माप घेतलं, ड्रॉइंग काढलं, दादांनी आठ दिवसांत दोन हब करून आणले. बसवताना बघायला अर्धी गल्ली जमली. आणि चाक काही बोल्टांवर चढेना. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं, शेजाऱ्याने एक लाथही घालून पाहिली.

"दादा, भोकं आत आलीत," मिलिमीटर सगळ्यांदेखत म्हणाला. "डोळे तपासून घ्या आता एकदा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादांनी हब हातात फिरवला. "आकडा वाचायला चुकलो असेन," एवढंच म्हणाले. हब आणि कागद बाकावर ठेवले आणि चहा न घेताच गेले.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मिलिमीटर पुन्हा त्या चाकापुढे उकिडवा बसला. चार भोकांच्या चाकात एका भोकासमोर दुसरं येतं. त्यांच्यातलं अंतर म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा व्यास. आजवर त्याने असंच मोजलं होतं. पण पाच भोकांत समोर भोक नसतंच. समोर नुसतं लोखंड. त्याने त्यातल्या त्यात लांबचं भोक धरून माप घेतलं होतं. खरा व्यास शंभर. ड्रॉइंगवर, त्याच्याच सुबक अक्षरात, पंच्याण्णव. आणि दादांचा हब? पंच्याण्णव. केसाचाही फरक नाही.

त्याचे कान तापले.

"सापडलं का काही?" बायकोने आतून विचारलं.

"नाही गं."

खोडरबर कधी हातात आला, त्यालाही कळलं नाही. पंच्याण्णवचे शंभर झाले. नवे हब होतील, चाक बसेल, विषय संपेल.

सोमवारी तो दादा कामाला होते त्या वर्कशॉपमध्ये गेला. दादांच्या लेथवर दुसराच माणूस उभा होता. दादा कोपऱ्यात स्टुलावर, कानशीने पत्र्यांच्या कडा घासत बसलेले.

"या जावईबापू. लेथ सोडला मी. मीच सांगितलं मालकांना. उद्या कुणाचं चाक रस्त्यात निखळलं तर?"

मिलिमीटरने कागद पुढे केला. दादांनी कागद घेतला, खिडकीकडे तिरपा धरला. चष्मा कपाळावर सरकवला.

"इथे खोडलंय."

"अं?"

"शंभराच्या खाली. पंच्याण्णव होतं."

मिलिमीटर पुटपुटला, "माझं चुकलं होतं."

लेथच्या घरघरीने दादांचे कान कधीचेच मंद झालेले. "काय?"

"मोजण्यात मीच चुकलो!"

"ऐकू येत नाही हो."

"चूक माझी होती! तुमचा हब बरोबर होता! आणि मी ते खोडून आणलं!"

केबिनच्या दारात मालक येऊन उभा राहिला. लेथवरचा माणूस मान वळवून बघत होता. मिलिमीटरला वाटलं, दादा आता हसतील, पाठीवर थाप मारतील. दादा हसले नाहीत.

"तीन आठवडे," ते म्हणाले, "तीन आठवडे रात्री दिव्याखाली स्वतःचे हात बघत बसलो मी. आणि तुम्ही रबर घेऊन आलात?"

"दादा, माफ..."

"चाक आणून द्या. माप मी घेईन, हब मी करीन." त्यांनी कागद परत दिला. "बहिणीला सांगितलंत माझ्या?"

"नाही."

"रोज फोन करते ती. डॉक्टरकडे गेलास का, म्हणून विचारते. आधी तिला सांगा. मग चाक."

घरी बायको दारातच होती. "झालं का हबचं? दादा काय म्हणाला? डोळ्यांचं काही बोलला?"

तो चपला न काढताच खुर्चीत टेकला. "त्यांचे डोळे चांगले आहेत."

"म्हणजे?"

त्याने कागद उलगडून तिच्यापुढे धरला आणि खोडलेल्या जागेवर स्वतःच बोट ठेवलं.