सिलिंडरच्या तोंडातली रिंग

काल सिलिंडर देणाऱ्यानं सील काढून तोंडात पाणी ओतलं, अन् आतली इवलीशी काळी रबरी रिंग पाहून मला लातूरचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. तिथं दहा दिवसांनी पाणी यायचं, अन् नेमका टाकीचा नळ ठिबकत होता. दुकानं बंद, म्हणून मी भरलेल्या सिलिंडरमधली रिंग काढून नळात बसवली. ठिबकणं थांबलं, मी विसरूनही गेलो. चार दिवसांनी बायकोनं तोच सिलिंडर लावला आणि घरभर गॅसचा वास सुटला. मी धावत जाऊन रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या. आई तिच्यावर कडाडली, "शेगडीचं बटन उघडं ठेवून कुठं लक्ष व्हतं गं तुझं? लेकरांसकट घर उडवलं असतंस की!" "न्हाई ओ अत्याबाई, बंदच व्हतं," ती म्हणाली; दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज डळमळला. मला सगळं उमगलं होतं. रिकाम्या सिलिंडरची रिंग मी गुपचूप त्यात बसवली आणि तोंड मिटून घेतलं. तेव्हापासून बाहेर निघताना ती कुलूप काढून पुन्हा आत जायची, बटन चाचपायची. काल तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता बोलणंच टाकील. पण ती म्हणाली, "म्हंजे मी बंद केलंच व्हतं! अहो, इतकी वर्षं मला माझाच भरवसा नव्हता." अन् मोकळं हसली. आज बाजाराला निघताना सवयीनं मी किल्ली घेऊन दारात थांबलो, तर ती केव्हाच पायऱ्या उतरून गेली होती.