घंटी ठेव, रडणं काढ

टीव्हीत होतो तेव्हा माझ्या आईला माझा हात दिसायचा. फक्त हात. बातमीत बोलणाऱ्या माणसासमोर चॅनेलचं नाव लिहिलेला माईक धरायचा, एवढंच माझं काम. त्या माईकला आमच्यात बूम म्हणतात. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख लहानपणी होडीच्या काठात चिमटून कायमचं काळं पडलंय. तेवढ्यावरून आई तिकडं सिंधुदुर्गात, समुद्राजवळच्या घरात बसून मला ओळखायची आणि लगेच फोन करायची. "आज तुझो हात दिसलो रे. नखां काप मरे." बातमी कसली होती हे तिनं कधी विचारलं नाही.

आठवी अर्धी टाकून मी घराबाहेर पडलो. आधी एका मंडपवाल्याकडं लाउडस्पीकर लावायचो, पुढं दूरच्या एका भावानं चॅनेलच्या यवतमाळच्या ऑफिसात चिकटवून दिलं. गावी जायचं तर दोन दिवस मोडतात, त्यामुळं जाणं होत नाही. इकडची बोली समजायला वर्ष लागलं. इकडं बायाही 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. सुरुवातीला मी दारामागून कोण बोलतंय ते वाकून बघायचो.

ज्यांच्यासाठी मी बूम धरायचो त्या ताई पुसदच्या. बातमीदार म्हणून त्यांची बारा वर्षं त्या चॅनेलात गेली. मुंबईहून डेस्कचा, म्हणजे बातम्या निवडणाऱ्यांचा, फोन आला की त्या स्पीकरवर टाकायच्या, म्हणून मलाही ऐकू यायचं. यवतमाळ म्हटलं की तिकडच्यांना रडणारं माणूस लागायचं. एकदा कळंबकडच्या एका गावात एका बाईनं आम्हाला वीस मिनिटं समजावून सांगितलं, की संध्याकाळची एसटी बंद झाली आणि गावातल्या मुलींची दहावी कशी सुटली. एकेका मुलीचं सांगितलं. डेस्कनं विचारलं, "रडली का ती?"

"नाही," ताई म्हणाल्या. "चिडली."

"मग दुसरी कोणी बघ ना."

 महिनाअखेरीला ताईंनी बूम आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मला म्हणाल्या, "मी माझं सुरू करतेय. मोबाइलवर ऐकायचं, पॉडकास्ट. कॅमेरा नाही, काही नाही. येतोस?"

"मला काय येतं त्यातलं?"

"तुझे कान बरे आहेत."

माझ्याबद्दल चांगलं असं काही शाळेतही कुणी बोललं नव्हतं. मी गेलो. त्या रात्री आईला सांगितलं, टीव्ही सोडला. तिनं विचारलं, "मगे आता तुझो हात दिसाचो नाय?"

"नाही."

"मगे तू बरो आसस, ह्या माका कळतला कसा?"

 

ताईंच्या खोलीत भिंतीला गादी टेकवली, वर रजई बांधली, झाला स्टुडिओ. दर शुक्रवारी एक भाग. व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला की तो जिकडं जायचा तिकडं जायचा. मला भीतीच जास्त. रेकॉर्डिंग चालू असताना लाल दिवा लागलाय ना, हे मी दर मिनिटाला बघतो. खिशात सेलचे दोन जोड असतात. एक पुरतो, हे ठाऊक असूनही.

दारव्ह्याकडच्या एका गावात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी भेटल्या. पन्नाशीच्या, काटक. शाळेतला गॅस संपून महिना झाला होता. "लाकडं मीच आणतो डोक्यावर," त्या म्हणाल्या, "अन् पालक माह्या वाडीतला. सरले म्हटलं, तं सर म्हणते, वर कळवलं. वर म्हणजे कुठं, ते काही सांगत नाही." बोलायला तयार होत्या, पण नाव नको आणि गाव नको. ताईंनी शब्द दिला. मी त्यांचा आवाज मशीनवर जाड केला, इतका की त्यांच्या लेकानंही ओळखू नये. टीव्हीत चेहरा धूसर केला की काम झालं असं आम्ही समजायचो. इथं आवाज बदलला, काम झालं.

पण त्या शाळेत एक घंटा होती. घंटा कसली, ट्रॅक्टरच्या नांगराचा तवा, लोखंडी चकती, कडुलिंबाला तारेनं टांगलेली. शिपायानं त्यावर लोखंडी गज मारला आणि तो टणकन वाजला नाही. किरकिरल्यासारखा झणझणत राहिला, बराच वेळ. मला तो आवाज फार आवडला. मी हळूच टिपून घेतला आणि भागाच्या सुरुवातीला लावला. ताईंनी ऐकलं, म्हणाल्या, छान. दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी काही कामानं मी दारव्ह्याहून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं निघालो. मागं दोन-तीन पोरं कोंबून बसली होती. ड्रायव्हरनं मोबाइल लावला आणि आमचाच भाग सुरू झाला. मी खिडकीकडं तोंड करून गुपचूप हसत होतो. तवा वाजला.

"अबे थांब! मांगं घे, मांगं घे," मागचा एक ओरडला. "हा तं आपल्या शाळेचा तवा होय!"

"काहून बे, तवा काय तुमच्याच शाळेत हाय का?"

"अबे, तो चिरलेला हाय. आईक ना, कसा झणझणून राह्यला. मीच गोटा मारून चिरला होता सातवीत."

सगळे हसले. ड्रायव्हर म्हणाला, "दंड भर मंग."

"अन् मंग हे बाई कोण?"

"कोण म्हणजे? दोघीच तं हायेत खिचडीले. दुसरी बोलते कुठं! मुकीच हाय जशी. हे पहिलीच."

 ज्याच्या आईनं नुसत्या काळ्या नखावरून हजार किलोमीटरवरून पोराला ओळखलं, त्याला हे कळायला नको होतं का? मी पुढच्या फाट्यावर उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ताईंना फोन केला.

आम्ही सोमवारी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. शनिवारीच मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, सोमवारपासून येऊ नका. अकरा वर्षं मावशी त्या शाळेत शिजवत होत्या. अंगणात बसून त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत.

"आले का? बसा."

ताई म्हणाल्या, "मावशी, आम्ही तो भाग आजच्या आज काढून टाकतो."

"काहून? मी खोटं बोललो का?"

"तसं नाही, पण..."

"मंग काढता कायले? काढला का ते म्हणतीन, पाहा, खोटं होतं म्हणून काढलं. काम तं गेलंच, आता तोंडही जाऊ देऊ का?"

मी म्हटलं, "मावशी, ताईंचं काही नाही. चूक माझी आहे. ती घंटा मी लावली."

"कायले लावली?"

"आवडली."

 त्या ताईंना म्हणाल्या, "आवडली म्हणते! पोट्ट्याईले त्या घंटीचा कंटाळा येते, अन् याले आवडली." आणि मला विचारलं, "किती शिकला तू?"

"आठवी. अर्धी."

"म्हणून." त्यांनी सोललेल्या शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. "बसल्या बसल्या निवड."

मी दाणे निवडत होतो आणि त्या बोलत होत्या. या वेळी नाव सांगून, गाव सांगून, आवाज आहे तसा. गॅसचं बोलल्या, लाकडांचं बोलल्या. शनिवारी मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा चुलीवर भात होता, तो उतरवून, पोरांना वाढून मगच घरी आल्या, हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. त्या रडल्या. फार नाही, दोन-तीन श्वास. लाल दिवा चालू होता.

निघताना म्हणाल्या, "या टायमाले लावाच्या आंधी मले ऐकवजा. मांगच्या बारीले नाही ऐकवलं तुम्ही."

खरंच होतं. टीव्हीत बारा वर्षं ताईंनी आणि सहा वर्षं मी, कुणालाच काही ऐकवलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. माणूस बोललं की ते आमचं झालं.

बुधवारी मी एकटाच गेलो. त्यांच्या साध्या फोनवर ऐकता येणार नव्हतं आणि माझ्या फोनचा आवाज अंगणात पुरेना. मावशींनी आतून स्टीलचा गंज आणला, भाताचं पातेलं. त्यात फोन उभा ठेवला तसा आवाज घुमून मोठा झाला. शेजारच्या दोघी येऊन टेकल्या. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होतो. त्या 'नको' म्हणाल्या तर सगळंच पुसायचं, असं ताईंनी बजावून पाठवलं होतं.

रडण्याची जागा आली. त्यांनी हात वर केला. मी थांबवलं.

"एवढं काढ."

 त्या भागातली सगळ्यात धरून ठेवणारी जागा तीच होती. डेस्कला तेवढीच पुरली असती.

"रडून कोणी गॅस देत नाही," त्या म्हणाल्या. "काढ."

"काढतो. आणि सुरुवातीची घंटा? ती पण काढू?"

"घंटी ठेव. आता कायले लपवाचं?"

तिथंच बसून मी ते तीन श्वास काढले. पुन्हा गंजात फोन ठेवून पूर्ण भाग वाजवला. त्या म्हणाल्या, "लाव." शेजारणीनं विचारलं, "माह्यं बी रेकाट करतं का? माह्या नवऱ्याबद्दल बोलतो." तिघी हसल्या. मला हसू येईना. भाग गेला आणि मावशींचं नुकसान आणखी झालं तर, हेच डोक्यात.

शुक्रवारी भाग गेला. त्यानंतर माझं जेवणात लक्ष नव्हतं. ताईंचा फोन वाजला की मी दचकायचो. मंगळवारी त्या म्हणाल्या, "तू खात नाहीस म्हणून तिला काम परत मिळणार आहे का? खा." मी खाल्लं.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझाच फोन वाजला. मावशींचा नंबर. उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडून कुणी बोलेना. नुसती पोरांची गलबल. मग एकदम तो तवा वाजला. चिरलेला, किरकिरत, झणझणत बराच वेळ.

"आलं का ऐकू?"

"आलं मावशी. आलं! कसं काय पण?"

"ते मुकी, माह्यासंगं शिजवते ते, गेली सरजवळ. म्हणे, ते नाही तं मी बी नाही, तुम्हीच शिजवा. पोट्ट्याईच्या मायाबी आल्या मंग चारपाच. अकरा वर्षात पहिल्यांदा बोलली ते, अन् काय बोलली!"

"आणि गॅस आला?"

"कुठचा गॅस! चूलच हाय अजून. तुह्याशी बोलत बसलो तं भात लागून राह्यला इकडं. ठेवतो."