पंपाचा आवाज आलाच नाही

आज पहाटे बायकोला डायलिसिसला न्यायला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, किल्ली अर्धी फिरवली आणि रामनाम घेत टाकीतल्या इंधन-पंपाच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. स्टार्टर नुसता फिरत राहिला. गेले काही महिने गाडी सुरू व्हायला वेळ घ्यायची, पण शेवटी सुरू व्हायची.

"अहो, मशीन दुसऱ्याला देतील," ती म्हणाली.

वारज्याहून रिक्षाने हॉस्पिटलात पोचेपर्यंत दिलंच होतं. दुपारी तिला आत घेतल्यावर मी मेकॅनिकला घेऊन घरी आलो. त्याने मीटर लावला. पेट्रोलला प्रेशरच नव्हतं.

"काका, पेट्रोल भरता का कधी?"

"गाडी सीएनजीवर चालते."

"आणि सुरू कशावर होते?"

सुरू ती पेट्रोलवरच होते. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवून आपण तो जाळतो. सीएनजीवाल्यांनो, तुमच्या टाकीत आज पेट्रोल किती आहे?

"नवीन पंप घातला की झालं ना?" मी विचारलं.

"टाकीतला गंज पार इंजेक्टरपर्यंत गेलाय. पंप घालतो, पण भरवसा मागू नका."

तिचे डॉक्टरही हल्ली याच सुरात बोलतात.

"गाडीचा नाद सोडा, रिक्षा लावा," असं ती कधीपासून म्हणत होती. मी ऐकत नव्हतो, कारण डायलिसिसनंतर तिला बसवत नाही. मागच्या सीटवर उशी घेऊन ती आडवी होऊन घरी यायची.

संध्याकाळी गाडी मेकॅनिकलाच देऊन टाकली आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला कायमचं सांगून आलो. मागच्या सीटवरची उशी तेवढी घरी आणली.