राखेचा अर्थ

लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो, आणि दरवर्षी दुसऱ्या वर्षाला एका जुन्या अमेरिकन लेखकाच्या कथा असतात. त्याच्या कथांतली माणसं एकजात काहीतरी लपवत असतात. कुणी पाप लपवतं, कुणी जन्म, कुणी नुसती भीती. आणि गाव ते हुडकायला टपलेलं असतं. परीक्षेत प्रश्न ठरलेला, या लेखकाची आशयसूत्रं आणि प्रतीकं. उत्तरही ठरलेलं. मी पुण्यात शिकत असताना आमच्या सरांनी जी टिपणं सांगितली होती तीच मी बावीस वर्षं सांगत आलो. जंगल म्हणजे मोह. ओढा म्हणजे सुटका. आग म्हणजे कोप. राख म्हणजे शेवट. कागद पिवळे पडले तेव्हा ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले, एवढीच काय ती माझी भर.

त्यातल्या एका कथेत एक शेतकरी आपल्याच जमिनीला आग लावतो. तिथं त्यानं काहीतरी पुरलेलं असतं, काय ते शेवटपर्यंत कळत नाही. गावकरी चढून येतात तेव्हा उतारभर काळी राख असते आणि तिच्यात तो एकटा बसलेला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी हे शिकवत होतो. "लिहून घ्या," मी म्हणालो, "राख म्हणजे शेवट. जिथं पुन्हा काही उगवत नाही."

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. टाकवे बुद्रुकहून रोज दोन गाड्या बदलून यायची ती. घरात इंग्रजी घेणारी पहिलीच. वर्गात सहसा बोलायची नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या.

"सर, राख म्हणजे शेवट कसा? आमच्याकडं राखेतच भात पेरत्यात. राब भाजला न्हाई तर रोप जोर धरत न्हाई." मग जरा सावरून, पुस्तकी मराठीत म्हणाली, "तो माणूस पेरणीची तयारी करत असेल, असं नाही का म्हणता येणार? मी निबंध यावर लिहू का?"

इथं एक गोष्ट कबूल करतो. बावीस वर्षांत त्या कथेवर इतकं चांगलं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. हे मला नंतर सुचलं नाही, तिथल्या तिथं कळलं. कळलं म्हणूनच मी चिडलो.

"हे अमेरिकन साहित्य आहे, बाई," मी म्हणालो. "टाकवे बुद्रुक नव्हे."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. ती हसली नाही, पण खालीही बसली नाही. माझ्याकडं पाहून तिनं शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही राब बघितलाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं वही जवळ ओढली. मग "बरं सर" म्हणून खाली बसली आणि मी सांगितलेलं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मी औंढ्याचा आहे. कॉलेजच्या गच्चीवरून आमच्या गावाकडचा डोंगर दिसतो. उन्हाळ्यात आई आणि मी राब रचायचो. वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर तोडलेल्या फांद्या आणि पाला, त्यावर वाळलेलं गवत आणि सगळ्यांत वर बारीक माती, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत जळत राहते. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. त्याच राखेत पावसाच्या तोंडावर भात पेरायचं. तण येत नाही, रोप हिरवंगार येतं. सातवीत असताना मी विझला समजून राबात पाय टाकला होता. डाव्या घोट्यावर त्याची खूण आहे. "नाही" म्हणालो तेव्हा ती मोज्यात होती.

हे खोटं काही त्या दिवशीचं नव्हतं. पुण्यात होस्टेलवर माझ्या "न्हाई"ची मुलं नक्कल करायची. वर्षभरात मी जीभ घासूनपुसून घेतली. नोकरी लागल्यावर लोणावळ्यातच, तुंगार्लीला फ्लॅट घेतला आणि कुणी विचारलं की "आम्ही तुंगार्लीचे" म्हणू लागलो. आईला कॉलेजच्या एकाही कार्यक्रमाला आणलं नाही. गुडघे दुखतात, असं सांगायचो. तिचे गुडघे आजही माझ्यापेक्षा धड आहेत. दरवर्षी मी पोरांना त्या लेखकाची माणसं समजावून सांगायचो, ती आपला डाग कसा झाकतात, झाकून झाकून कशी पोखरून जातात. खूप रंगवून सांगायचो. माझं व्याख्यान त्यासाठी नावाजलेलं आहे.

त्या मुलीनं पुढं वर्गात तोंड उघडलं नाही. निबंध वेळेवर आणून दिला. गठ्ठा तपासायचा राहिला आणि एप्रिलमधल्या एका रविवारी मी औंढ्याला गेलो.

आई राब रचत होती. मी बूट काढून बांधावर बसलो.

"तुज्या कालेजातली पोरगी आलती," आई म्हणाली.

"कुठली?"

"टाकव्याची. आपल्या शेजारची मावशी हाय ना, तिची भाची. लहानपणापास्नं येती की हितं सुट्टीत. तुला म्हाईत न्हाई, तू कुटं ऱ्हातोस हितं. दोन दिस माज्यासंगं पाला वाहिला तिनं. लय गुणाची."

म्हणजे तिला माहीत होतं. मी कुणाचा, कुठला, सगळं. वर्गात तिनं तो प्रश्न मला उघडं पाडायला विचारलाच नव्हता. सगळे हसत होते आणि तिला वाटलं, सर तरी आपल्या बाजूनं बोलतील. साक्षीदार म्हणून हाक मारली होती तिनं मला.  मी पाण्याचा तांब्या उचलला.

"म्या इचारलं तिला," आई फांद्या दाबत बोलत होती, "आमचा पोरगा तुमास्नी शिकवतो तरी काय? तर म्हणली, आजी, सरांनी वर्गात राबाचं सांगितलं. माजी आई औंढ्याला राब भाजती, राखंतनं रोप कसं येतं, समदं सांगितलं म्हणली. पोरं गप ऐकत हुती म्हणली."

आईनं हात झटकले आणि माझ्याकडं वळून पाहिलं. तिच्या कपाळावर मातीचा पट्टा होता. इतकी खूश मी तिला माझ्या नोकरीच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"खरं का रं? माजं सांगितलंस तू वर्गात?"

नाही म्हणायची हीच वेळ होती. उभ्या आयुष्यात एकदाच तो शब्द बरोबर जागी पडला असता.

"व्हय," मी म्हणालो.

ती पुन्हा कामाला लागली. जरा वेळानं स्वतःशीच म्हणाली, "आमच्या राबाचं काय सांगायचं एवढं," आणि हसली.

सोमवारी स्टाफरूममध्ये जाऊन मी आधी गठ्ठ्यातून त्या मुलीचा निबंध काढला. तिनं राबाबद्दल लिहिलेलं असणार, माझं ऐकलं नसणार, अशी माझी खात्री होती. खात्री कसली, आशाच. तसं असतं तर तो निबंध वर्गात वाचून दाखवणार होतो, सगळं सांगून टाकणार होतो. येताना वाटेत मी वाक्यंही जुळवली होती.

चार पानं, स्वच्छ इंग्रजी, वळणदार अक्षर. जंगल म्हणजे मोह. ओढा म्हणजे सुटका. शेवटच्या परिच्छेदात राख होती. राख म्हणजे शेवट, जिथं पुन्हा काही उगवत नाही. माझं वाक्य, जसंच्या तसं. राबाचं एक अक्षर नाही.

पुन्हा वाचला. स्पेलिंगची चूकसुद्धा सापडेना. इतर मुलांनी तेच लिहिलं होतं आणि त्याला मी नेहमी पूर्ण गुण देत आलो होतो. तिलाही दिले.

यंदा तिनं तिसऱ्या वर्षाला इंग्रजीच घेतलंय. पहिल्या बाकावर बसते. मी काही म्हणालो की लगेच लिहून घेते. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम थांबून विचारलं, कुणाला काही शंका आहे का? सगळ्या वर्गात मी तिच्याकडंच पाहत होतो. तिनं पेन खाली ठेवलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "नाही सर."